हाराखालचा नारिंगी दिवा

फोन तुम्ही केला होता.

चौकशी अहवालात तो फोन कुठंही नाही. हार मात्र आहे. एकशे बारा पानांच्या अहवालात झेंडूचा हार सतरा वेळा येतो. तो किती लांब होता ते आहे, फुलं कोणत्या दुकानातून आणली ते आहे, आणि हार घालणाऱ्या बाईचं नाव बापाच्या नावासकट, प्रवर्गासकट आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाजलेला फोन कोणाचा होता, एवढं लिहायची वेळ आली तेव्हा मात्र तुमच्या लोकांची शाई संपली.

ठीक आहे. हाराचं काय ते आधीच सांगून टाकू, म्हणजे बाईनं काही लपवलं असं म्हणायला तुम्हाला जागा उरणार नाही.

बाईचं नाव सुगंधा मारुती धोत्रे. वय चव्वेचाळीस. जिल्ह्याच्या मुद्रण कक्षात कंत्राटी यंत्रचालक. कंत्राट अकरा महिन्यांचं, आणि अकरा-अकरा महिन्यांचं हे तेरावं वर्ष. वडाराची पोर. गावाबाहेरच्या खडीमशीन वस्तीवर जन्मली, दगडाच्या धुळीत वाढली, शाळेत मास्तरांनी मागं बसवलं तरी फळा दिसायचा म्हणून शिकली. वस्तीत सरकारी कचेरीच्या आत खुर्चीवर बसणारी ती पहिली. तिचा थोरला भाऊ हणमंत आजही वस्तीवरच राहतो. त्याच्या घराच्या भिंती बापानं स्वतः घडवलेल्या दगडांच्या आहेत.

मुद्रण कक्ष म्हणजे संडासाशेजारची दहा बाय बाराची खोली. खोलीत एक काळी पेटी. हा प्रिंट सर्व्हर. जिल्ह्यातले अडतीस सरकारी प्रिंटर या पेटीला विचारल्याशिवाय एक ओळ छापत नाहीत. जन्माचा दाखला असो, मृत्यूचा असो, जातीचा, अपंगत्वाचा, दत्तकाचा, सगळं या पेटीतून जातं.

असं का, तर ठसा-शाईमुळं. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा ही शाई आली. हिच्यात धुळीपेक्षा बारीक काचेचे कण असतात. शाई कागदावर पडते तेव्हा ते कण कसे विखुरतील हे कोणाच्याही हातात नसतं, छापणाऱ्या मशीनच्याही नाही. मूठभर मोहरी फरशीवर फेकावी आणि मग परत तशीच्या तशी फेकून दाखवावी. नाही जमणार, जन्मभर फेकत बसलं तरी नाही. कागद प्रिंटरमधून बाहेर येताना एक बारीक कॅमेरा ही विखुरण टिपतो आणि तिचा एक लांबलचक आकडा करून पेटीत ठेवतो. हा त्या कागदाचा ठसा. पुढं कोणत्याही कचेरीत कागद दाखवला की काडेपेटीएवढा वाचक त्यावरून फिरवतात. वाचक पेटीला विचारतो, हा कागद तुझा का? पेटी हो म्हणाली तर हिरवा दिवा, नाही म्हणाली तर लाल.

कागदावर काय लिहिलंय ते पेटी ठेवत नाही. लोकांची गुपितं फुटू नयेत म्हणून कायद्यानंच तसं ठरवलंय. ठशांची यादीही दुसरीकडं कुठं ठेवायची नाही. यादी एकच, म्हणजे खरं एकच, असं तेव्हा भाषणात सांगितलं होतं. आणि ज्या कागदावर ठसा-शाई आहे पण ठसा यादीत नाही, तो कागद खोटा आणि कागदवाला गुन्हेगार. यंत्र विसरलं, अशी शक्यता कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आली नाही. माणसं विसरतात, यंत्रं नाही, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी ती खोली बघितलेली नव्हती. पावसाळ्यात तिच्या भिंतीला हात लावला तर शॉक बसतो.

पेटीची राखण दोन प्रकारची. पहिली, मांडणीची. कोणत्या प्रिंटरचं नाव काय, पत्ता काय, कोणत्या खणात कोणता कागद, कोणाला छापायचा अधिकार, ही सगळी मांडणी सुगंधा दर शनिवारी न चुकता एका छोट्या कार्डावर उतरवून घ्यायची. पुरवठा शाखेचा प्रिंटर कागद तिरका ओढतो म्हणून त्याला डावीकडं चार मिलिमीटर जास्त जागा सोडायची, हे तिनं शोधून मांडणीत घातलं होतं. दुसरी राखण अख्ख्या यंत्रणेची. त्यासाठी वेगळी डिस्क लागते. ती डिस्क मागणारी चार पत्रं तिनं तुम्हाला, वरच्या कचेरीला, लिहिली. चारही तुमच्याकडं पोचली, पोचपावत्या तिच्याजवळ आहेत. डिस्क आली नाही.

मग उरल्या पेटीतल्या दोन जुळ्या डिस्का. जे लिहायचं ते दोन्हींवर एकदम लिहिलं जातं. एक मेली तर दुसरी आहे, एवढाच आधार.

आता हार.

खंडेनवमीला कचेरीत हत्यारांची पूजा होते. जीपचे पाने, कागद कापायचं यंत्र, शिक्के, स्टेपलर, सगळं पाटावर येतं. वर्षातून तेवढा एकच तास पेटी बंद करायला परवानगी असते. शिपाई काशिनाथ भोपे पूजा सांगतात, त्यांना सगळे मामा म्हणतात. पेटी काही उचलून पाटावर ठेवता येत नाही, म्हणून मामांनीच मागं कधीतरी रीत पाडली: जुळ्यांतली एक डिस्क काढायची, पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, पेटीला हार घालायचा, पूजा झाली की डिस्क परत लावायची. चार तासांत बाहेर गेलेली आतलीशी जुळवून घेते. नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं.

दहाव्या वर्षी मामा म्हणाले, "सुगंधाबाई, मांडलेली पूजा लगेच विस्कटू नये. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा करू, मग लावा."

"मामा, एक डिस्क बाहेर राहील."

"एका रात्रीनं काय होतंय? देवाच्या पुढ्यात तर आहे."

ती राहिली. दसऱ्याला सुट्टी. पुढं शनिवार-रविवार. रविवारी मामांनी एकट्यानं येऊन उत्तरपूजा केली आणि पाट, पाटावरची डिस्क, सुकी फुलं, सगळं जसंच्या तसं पूजेच्या कपाटात ठेवून दिलं. सोमवारी सुगंधाला तुम्ही मतदारयाद्यांच्या कामावर पाठवलं, नऊ दिवस. परत आली तेव्हा दिवाळीपूर्वीची गर्दी खिडकीवर उभी होती. डिस्क जागेवर नसेल तर पेटीच्या तोंडावर नारिंगी दिवा लागतो. तो लागला होता. त्यावर हार होता. लक्ष्मीपूजनाला जुन्या हारावर नवा चढला.

पेटी इशाऱ्याची ई-मेलही पाठवते. ती रोज जात होती. तुमच्या नोंदीत यंत्रचालक म्हणून अजून कुलथे नावाचा माणूस आहे, सहा वर्षांपूर्वी बदलून गेलेला. नाव बदलायचा अधिकार फक्त वरच्या कचेरीला. त्याबद्दल तिनं तुम्हाला लिहिलं, ते पत्र पाचवं.

तरी चूक तिची. तिनं एकदा हार बाजूला सारून बघायला हवं होतं. हे ती पहिल्या दिवसापासून म्हणतेय, तुम्हाला चौकशी नेमून शोधायची गरज नव्हती.

*

खंडेनवमीनंतरचे सत्तेचाळीस दिवस पेटी एका पायावर उभी होती. तेवढ्या दिवसांत नऊ हजार तीनशे सोळा कागद छापले गेले. त्यातले एकसष्ट खडीमशीन वस्तीचे. रहिवासपत्रं.

बाह्यवळण रस्ता वस्तीवरून जायचा होता. ज्याच्याकडं रहिवासपत्र त्याला गावाकडं जागा मिळणार, ज्याच्याकडं नाही तो अतिक्रमणवाला. वस्ती पन्नास वर्षांची, पण कागद एकाकडंही नव्हता. तीन वर्षं हणमंतानं वस्तीतली माणसं धरून धरून कचेरीत आणली. अखेर पत्रं निघाली. ती छापायची आज्ञा सुगंधानंच पेटीला दिली.

हणमंत खिडकीशी आला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता. कागद दोन्ही हातांनी धरला, जसं पोर घेतात.

"सुगा, हे खरं ना?"

"दे इकडं." तिनं वाचक फिरवला. हिरवा दिवा लागला.

हणमंत बघतच राहिला. "परत एकदा कर."

तिनं परत केलं.

"अजून एकदा."

"दादा, मागं रांग आहे."

"असू दे की. पन्नास वर्षं आम्ही उभे होतो, त्यांना दोन मिनिटं उभं राहू दे." मग हसला. "आबा असते तर म्हणाले असते, दगडाला भोक पाडणं सोपं, कागदाला अवघड."

त्यानं ते पत्र साखरेच्या पिशवीत घातलं, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि छातीशी धरून गेला. सुगंधा त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी दमली नव्हती.

*

सहा दिवसांनी, सोमवारी सकाळी साडेनऊला, तुमच्याकडून पेटीत नवं सॉफ्टवेअर उतरलं. न विचारता उतरतं ते. पेटी बंद झाली, चालू झाली, पुन्हा बंद झाली, आणि पडद्यावर अक्षरं आली: यंत्रणा सुरू होऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी लाभार्थी मेळावा होता. चार हजार दोनशे प्रमाणपत्रं छापायची होती.

सुगंधानं पेटीचं तोंड उघडायला हार काढला. खालचा सुका हार हातात चुरला गेला. नारिंगी दिवा दिसला आणि त्याच्या शेजारचा रिकामा खण दिसला. ती खाली फरशीवर बसली. घाम नाही फुटला, रडूही नाही आलं. ज्या थकव्यानं माणूस बसच्या थांब्यावर बसतो, तशी बसली.

"मामा," ती म्हणाली, "पाट कुठंय?"

मामांनी पूजेचं कपाट उघडलं. डिस्क तिथंच होती, कुंकवाचं बोट अजून लालभडक.

नायब तहसीलदार गुळवे धावत आले. माणूस वाईट नाही, नुसता घाबरट. रक्तदाबाची गोळी दुपारी घ्यायची की सकाळी हेही कोणाला तरी विचारून ठरवणारा.

सुगंधानं त्यांना समजावलं. पेटीतल्या डिस्कवर यंत्रणेचा भाग बिघडलाय, ठशांचा भाग शाबूत आहे. पाटावरची डिस्क धडधाकट आहे, पण ती खंडेनवमीला थांबलीय. तिला लावलं तर पेटी लगेच उठेल. पण पेटीचा नियम असा की धडधाकट डिस्क बिघडलेलीवर स्वतःला उतरवते. चार तासांत सत्तेचाळीस दिवसांचे ठसे पुसले जातील. त्याऐवजी बिघडलेली डिस्क आधी वेगळी उतरवून घेतली, मग वरून परवानगी घेऊन ठसे जोडले, तर काहीच जाणार नाही. वेळ लागेल चौदा तास.

"चौदा?" गुळवे म्हणाले. "उद्या दहाला स्टेजवर वाचक फिरवून दाखवायचाय ताई. हिरवा दिवा टीव्हीवर दिसायला हवा, तसं वेळापत्रकातच लिहिलंय."

"हे नऊ हजार लोक खोटे ठरतील साहेब."

तेव्हाच फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटं. गुळव्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण ऐकलेलं त्यांना एकट्याला पेलवलं नसतं.

तुम्ही म्हणालात, "दोनपर्यंत मशीन चालू पाहिजे. जी जुनी प्रत असेल ती चढवा."

गुळवे म्हणाले, "सर, मधले काही ठसे जातील असं—"

"जे जाईल ते परत छापा."

सुगंधा पुढं झाली. "सर, मजकूर आपण ठेवत नाही. परत छापायला लोकांना पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. आणि तोवर त्यांचा कागद खोटा धरला जाईल. सर, मला लेखी द्या, मी लगेच चढवते."

 मग तुम्ही विचारलंत, "कोण बोलतंय?"

"मुद्रण कक्षातून. धोत्रे."

"कंत्राटी ना?"

आणि फोन ठेवलात.

हे तिघांनी ऐकलं. सुगंधानं, गुळव्यांनी आणि कपाटाशी पाट धरून उभ्या असलेल्या मामांनी.

गुळव्यांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "ताई, वरून आहे. माझ्या हातात काय आहे?"

"पेटी उठवायला अंगठा माझा लागतो साहेब. एवढंच विचारते, जुनी प्रत चढवायची ती माझ्या अंगठ्यावर, मग हुकूम कोणाच्या अंगठ्यावर?"



तिनं मग जे केलं ते नियमाच्या बाहेर होतं. पेटी एका डिस्कवर चालवू नये असा नियम आहे. ठशांची डिस्क पेटीबाहेर काढून ठेवू नये असाही नियम आहे. पहिला नियम हारानं सत्तेचाळीस दिवस मोडलाच होता. तिनं बिघडलेली डिस्क खणातून ओढून बाहेर काढली आणि कुंकवाची डिस्क एकटीच लावली. पुसायला समोर दुसरी डिस्कच नाही म्हटल्यावर पेटी पुसणार काय?

"ताई, ही डिस्क..." गुळवे म्हणाले.

"रजिस्टरला लिहिते. दिनांक, वेळ, कारण. तुम्ही खाली सही करा."

गुळवे खिडकीकडं वळले. "मी बघितलं नाही," म्हणाले. "पण लिहा. लिहू नका असं मी म्हटलेलं नाही."

तिनं लिहिलं. बाहेर काढलेली डिस्क मामांनी पाटावर ठेवली आणि विचारलं, "हिला पण बोट लावू का कुंकवाचं?"

"नको मामा. आता काही नको लावू."

तिनं अंगठा दिला. पेटी उठली. पेटीच्या हिशोबानं त्या क्षणी खंडेनवमी होती. मग सुगंधानं परवाच्या शनिवारचं कार्ड लावलं आणि मांडणी चढवली. एकेक करत अडतीस प्रिंटर जागे झाले. नावं बरोबर, खण बरोबर, पुरवठा शाखेचे चार मिलिमीटरसुद्धा बरोबर. एक वाजून चाळीस मिनिटांनी पहिलं प्रमाणपत्र बाहेर आलं.

तिथंच ती फसली. तिचे शनिवार इतके चोख होते की पेटी काही विसरलीय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मांडणी परवाची, आठवण दीड महिन्यापूर्वीची. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जागेवर. दुसऱ्या दिवशी स्टेजवर हिरवा दिवा लागला, टाळ्या झाल्या, आणि तुम्ही वर कळवलंत की बिघाड दोनच्या आत दुरुस्त, कोणतीही हानी नाही.

*

बारा दिवसांनी वस्तीवर पडताळणीचं पथक गेलं. हणमंतानं पहिला नंबर लावला होता. पिशवीतली पिशवी काढली, कागद काढला. वाचक फिरला.

तो दुपारी खिडकीशी आला. रांगेत उभा राहिला नाही, सरळ पुढं आला.

"सुगा, लाल झालं."

तिला माहीत होतं. बारा दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती.

"एकसष्टच्या एकसष्ट लाल. ते साहेब म्हणायलेत, खोटे कागद छापणारी टोळी आहे. मला पुढारी धरलंय. नोटीस दिलीय बघ." त्यानं नोटीस खिडकीतून आत सरकवली. "तूच छापलंस ना हे?"

"मीच."

"मग?"

"मशीन विसरलं दादा."

"मग नोटीस मशीनला द्या की. मला कशाला?"

तिनं खिडकी लोटली. मग त्याला मागच्या दारानं आत घेतलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं. हार सांगितला, तोसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं. दगड फोडणारा माणूस घाव घालण्याआधी दगड नीट बघतो, तसं तिच्याकडं बघितलं.

"म्हणजे आमचे ठसे त्या कपाटात आहेत."

"आहेत."

"मग लाव की."

"जोडायला वरची परवानगी लागते. किल्ली वर आहे."

"पूजेला डिस्क काढताना कोणाची परवानगी घेत होतीस?"



*

तिनं अर्ज केला. ठशांच्या डिस्कला कुलूप असतं. त्याची किल्ली तुमच्या कचेरीत. पेटीबाहेर गेलेल्या डिस्कची किल्ली नव्वद दिवसांनी आपोआप नष्ट होते. चोरांच्या हाती डिस्क लागली तर निकामी व्हावी म्हणून केलेली ती सोय आहे. कुंकवाची डिस्क सत्तेचाळीस दिवसांत परत लागली म्हणून उठली. ही दुसरी डिस्क नव्वद दिवसांत लागली नाही, तर तिच्यातले नऊ हजार तीनशे सोळा कागद कायमचे खोटे.

पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यानंतर एकाच दिवशी दोन पत्रं आली. मामांनी दोन्हींवर आवकचा एकाच तारखेचा शिक्का मारला.

पहिलं पत्र: आपल्या कक्षात कोणतीही माहिती नष्ट झाल्याची नोंद या कार्यालयाकडे नाही. सबब ठसे जोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरं पत्र: यंत्रचालक श्रीमती धोत्रे यांनी अंधश्रद्धेपोटी यंत्रास हार घातल्याने माहिती नष्ट झाल्याप्रकरणी चौकशी नेमण्यात येत आहे.

सुगंधानं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. गुळव्यांना दाखवली. गुळव्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचली.

"काहीच गेलं नाही, आणि जे गेलं ते तुम्ही घालवलंत," ते म्हणाले. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली. दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक सांगू का. पेटी आपल्या ताब्यात आहे. वस्तीचे एकसष्ट परत छापून टाका, जुनीच तारीख घालून. हिरवा दिवा लागेल. कोणाला कळणार नाही."

तेच दोन दिवसांनी हणमंत म्हणाला. तोवर त्याच्या घराच्या दगडी भिंतीवर पिवळ्या रंगात पाडकामाचा आकडा पडला होता. तेवीस.

"सगळ्यांचं नको म्हणत असशील तर नको," तो म्हणाला. "एक छाप. माझा. मी परत येणार नाही तुझ्या दारात."

ते तिच्या भाड्याच्या खोलीत बसले होते. चहा दोघांनीही घेतला नव्हता.

"दादा, तुझा कागद खरा आहे. तो आजपण खरा आहे. मी दुसरा छापला की तो दुसरा खोटा असेल, आणि त्याला हिरवा दिवा लागेल."

"लागू दे. मला दिव्याशी मतलब."

"मग ते म्हणतील, बघा, बाई खोटे कागद छापते, टोळी खरी होती. एकसष्टचे एकसष्ट आत जातील. आणि बाकीचे नऊ हजार? त्यात कोणाचं पोर दत्तक आहे, कोणाचा पाय गेलेला आहे. त्यांची बहीण नाही इथं कामाला."

"माझी आहे ना पण."

तिनं मान खाली घातली.

"आबांनी तुला शाळेत घातलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर घण उचलायला गेलो," हणमंत म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तुला कळावं म्हणून नाही सांगत. आपलं सांगतोय."

"मला ठाऊक आहे दादा."

"ठाऊक आहे तर छाप."

"नाही छापणार."

तो उठला. दारात चपला घालताना पाठमोराच म्हणाला, "साहेब झालीस सुगा." आणि गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नाही. वहिनीचा फोन येतो, तोही तो घरात नसताना.

तिला तेव्हा छापावंसं वाटलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी ती पेटीसमोर बसली, मांडणी उघडली, वस्तीच्या पत्राचा नमुना उघडला, हणमंत मारुती धोत्रे असं नावही घातलं. अंगठा लावायचा तेवढा राहिला होता. पुरवठा शाखेच्या प्रिंटरमधून कोणाचा तरी दाखला खरखरत बाहेर आला, सरळ, चार मिलिमीटर सोडून. ती थोडा वेळ त्या आवाजाकडं कान देऊन बसली. मग नमुना बंद केला.

*

आज एकोणऐंशीवा दिवस.

चौकशीत तिला एक फॉर्म मिळाला. वर छापलंय, आरोपाबाबत आपले म्हणणे. खाली आठ ओळी आणि अंगठ्याची चौकट. गुळव्यांनी सांगितलं, हार मान्य करा, माफी मागा, कंत्राट वाचेल. मामांनी आपणहून साक्ष लिहून दिली, डिस्क पाटावरून हलवू नका असं आपणच म्हणालो होतो. ती साक्ष अहवालात घेतलेली नाही. फोनबद्दल त्यांनी लिहिलेलं पानही नाही. गुळव्यांना फोन आठवत नाही. ते मात्र तेव्हापासून सुगंधाच्या खिडकीवरून जात नाहीत, मागच्या जिन्यानं ये-जा करतात.

सुगंधानं फॉर्मवर लिहिलं. आठ ओळी पुरल्या.

हार मी घातला. दिवा मी बघितला नाही. ती चूक माझी, त्याची शिक्षा द्या, मी घेईन. पण डिस्क शाबूत आहे. पूजेच्या कपाटात, खालच्या फळीवर, पाटावर आहे. किल्ली तुमच्याकडे आहे. किल्ली मरायला अकरा दिवस आहेत.

मग तिनं अंगठा दिला. चौकटीत नीट बसेल असा, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून. तेरा वर्षांची सवय.

तुमच्या पुढ्यात आता तो फॉर्म आहे. काही गेलंच नसेल तर हणमंताच्या भिंतीवरचा पिवळा आकडा पुसा. गेलं असेल तर ते परत कुठं मिळतं ते तिनं लिहून दिलंय. दोन्ही पत्रं खरी असू शकत नाहीत, हे कळायला वाचक फिरवावा लागत नाही.

फोन कोणी केला ते आज नका सांगू. एवढंच सांगा: डिस्क लावायची की नाही? हो असेल तर हो लिहा, नाही असेल तर नाही लिहा. पण लिहा. आणि खाली अंगठा तुमचा द्या.